उष्टा धोटा

मुकादमानं माझे केस धरले आणि लूमचा धोटा तोंडात कोंबला. "चूस, साले! तेरेको तो आदत है ना?" लाकडी टोक हिरडीत घुसलं. रक्त आलं. शिफ्ट बदलत होती. दोन्ही शिफ्टचे कामगार खदाखदा हसत होते.

भिवंडीत तेव्हा, नव्वदच्या आसपास, धोट्यातला धागा त्याच्या भोकातून तोंडानं ओढायचा. माझी ड्युटी संपली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. कुणी जात विचारली न्हाय कधी. मला त्याचं लय अप्रूप होतं. मग शेजारच्या लूमवरच्या गड्यावर माझा जीव जडला, आणि आम्हाला एकत्र कुणीतरी बघितलं. त्याला ठोकून त्याच्या मुलखाला हाकलला. मला ठेवलं, हात चांगला होता म्हणून. पण माझा धोटा वेगळा केला, लाल रंग फासून. त्या दिवशी चुकून मी दुसरा उचलला. एवढाच माझा गुन्हा.

सुजलेलं तोंड घेऊन जवळच्या कोन गावात घरी आलो. कुणी मारलं, बानं विचारलं न्हाय; कारखान्यातली बातमी माझ्याआधीच घरी पोचली होती. मला 'बरं' करायला ठाण्याच्या डॉक्टरकडं नेलं. पुरुषांचे फोटो दाखवायचे आणि शॉक द्यायचे. काय झालं त्यानं? हात कापायला लागले. झोप उडाली. खाडीच्या पुलावर जाऊन पाणी बघत बसायचो. मेलो तर सुटेन, हेच डोक्यात. डॉक्टर म्हणाला, आता लगीन लावा. बानं पोरगी ठरवली.

एक दिवस जेवायला बसलो. माझ्यासमोर वेगळा पेला. आई वरून पाणी ओतत होती, तांब्या पेल्याला लागू न देता.

"तो एड्सचा नवा रोग उष्ट्यानं लागतो म्हंतात," ती पुटपुटली. बा खाली मान घालून जेवत होता.

हा माझा बा. गावच्या हॉटेलाबाहेर, आमच्या जातीसाठी खिळ्याला टांगलेल्या कपातून चहा प्यायलेला. ते सांगताना अजून त्याचा आवाज फाटायचा.

माझं टाळकं सटकलं. पेला भिंतीवर हाणला. "बा, त्यो खिळ्यावरचा कप घरात आणलास व्हय रं?"

"समाजात तोंड काळं केलंस! जन्मताच का मेला न्हायस?" त्यानं चप्पल उचलली. दोन बसल्या, तिसरीला मी मनगट पकडलं. माझा हात कापत नव्हता.

"आता मारलंस तर मी पण मारीन. लगीन करणार न्हाय. शॉक घेणार न्हाय. मरणार तर मुळीच न्हाय."

आईच्या हातातून तांब्या घेतला, तोंड लावून पाणी प्यालो. आई रडत होती. रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. लाल धोटा गटारात फेकला. हाताला लागेल तो उचलला आणि सगळ्यांसमोर तोंडानं धागा ओढला. मुकादम धावून आला. माझ्या दुसऱ्या हातात लोखंडी पाना होता. तो थबकला.

इथलं कापड माझ्या थुंकीतून निघतं. ज्याला माझं उष्टं चालत न्हाय, त्यानं नागडं फिरावं.