धारची मोटार आणि पोत्यातलं लाकूड

ती सकाळ आठवायला मला कधी प्रयास पडले नाहीत. देवासच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात या हुद्द्याला सगळे टीआय म्हणतात. हजेरी झाली होती, वॉरंटं वाटून झाली होती, पहिला चहा टेबलावर आला होता. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. अंगात जुना पण कडक इस्त्रीचा कोट, मागे चाळिशीचा मुलगा. माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून त्यांनी थेट मराठीत सुरुवात केली.

“साहेब, दुरुस्तीला दिलेली आमची मोटार परत मिळाली. पण ती आमची नव्हे.”

वस्तू गेली म्हणून येणारे रोजच येतात. चकचकीत होऊन दारात आलेली वस्तू माझी नाही असं सांगायला धारहून देवासला येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. ठाण्याचं लिखापढीचं काम पाहणाऱ्या मुंशीने हसू लपवायला तोंड फिरवलं. मुलगा मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, बाबांना आजकाल कन्फ्यूजन होतं. गाडीचा नंबर, चेसिसचा नंबर, सब मिलता है. तुम्ही फक्त ऐकून घ्या, बस. इंदूरच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय.”

मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याच्याच बोलण्यातून कळलं, वडिलांच्या हट्टामुळे त्याने त्यांच्याकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, अमझेऱ्याच्या शेतीचे कागद आपल्या नावावर करून घ्यायचं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणजे मोटारीचं जे व्हायचं ते होवो, या माणसाचं आपल्याच घरातलं स्थान हातचं चाललं होतं. हे गृहस्थ आणखी एकदा वेड्यासारखं काही बोलले असते, तर पुढे कुणी त्यांचं खरंही ऐकलं नसतं. हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मी तापलोच. मुंशीला म्हटलं, कागद घे आणि ते सांगतील तो शब्द न् शब्द उतरून घे.

जबाबाला बराच वेळ लागला. नाना, मी त्यांना पुढे नानाच म्हणू लागलो, पाल्हाळिक बोलत. त्यांचे आजोबा धारच्या दरबारात नोकरीला होते, चाकरी संपली तेव्हा ही विलायती मोटार त्यांना बक्षीस मिळाली. मग वडिलांच्या काळात तिला वाळवी लागली. त्या काळच्या मोटारींना पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असायचा, तो वडिलांनी धारच्या सुताराकडून सगळाच्या सगळा सागवानाचा करून घेतला. मग नातीचं लग्न ठरलं, वरात याच मोटारीतून काढायची म्हणून मुलाने ती देवासच्या वर्कशॉपमध्ये दिली. मोटार आमची नाही हे कशावरून, असं विचारलं की नाना एकच सांगत, दार लावल्याचा आवाज आमचा नाही. वर्कशॉपवाल्याचं त्यावर उत्तर तयार होतं: दाराच्या कडेचं रबरी बीडिंग नवं घातलं, आवाज बदलणारच.

मुंशीचा हात दुखून आला, पण मी एक ओळ गाळू दिली नाही. फिर्यादीला जे महत्त्वाचं वाटतं ते बहुतेक वेळा निरुपयोगी असतं आणि जे तो जाता जाता बोलतो ते कामाचं असतं. हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला शिकवलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपवर गेलो. शहराबाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यात मोठी शेड होती. मालक बाहेरदेशी शिकून आलेला, गोड बोलणारा. त्याने कॉफी मागवली आणि मला जुन्या मोटारींचं अर्थशास्त्र शिकवलं. मी शिकून घेतलं, कारण असं फुकट शिकायला मिळत नाही. इंग्लंडात म्हणे मोडकी मोटार स्वस्तात मिळते, पण कारागिराच्या एका तासाला तिकडे जे मोजावं लागतं त्यात इथला डेंटर आठवडाभर पत्रा ठोकतो. तिथे दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीच्या पुढे जातो आणि हौशी माणूस घर गहाण टाकून बसतो. अमेरिकेत सुटे भाग कुरियरने घरपोच येतात, पण क्रोमचं काम करून घ्यायचं म्हटलं की प्रदूषणाच्या नियमांनी भाव चढतो. जर्मनीत खर्च कागदांचा आणि तपासण्यांचा. आपल्याकडे मजुरी स्वस्त, कारागीर हुशार, फक्त काच, रबर, गेज असलं सामान बाहेरून आणताना कस्टमवाले कंबरडं मोडतात.

“और साहब, सबसे महँगी कौन-सी? जिसको किसी ने छुआ नहीं,” तो म्हणाला. “एकाच घराण्यात राहिलेली, राजाच्या दरबारातली, न उघडलेली. युरोपात त्या धुळीलाही किंमत आहे.”

हे बोलून तो हसला. मीही हसलो. पण मग असल्या गाडीवर हात न मारता तिला नुसता रंग लावून परत देणारा हा माणूस एवढा धर्मात्मा कसा, हा प्रश्न मी खिशात घालून परत आलो. आपल्या देशातून अशा जुन्या मोटारी परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, हे त्याच्या व्याख्यानात कुठेच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खबर आली. माझा एक जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या, क्रेन चालवायचा. तो चहाच्या टपरीवर भेटला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, “साब, उस वर्कशॉपवाले भिया के यहाँ एक जैसी दो मोटर थी. एक तो दक्षिण तरफ से कबाड़ में आई थी, मैंने ही उतारी. दूसरी को बाद में तिरपाल ओढा के ले गए. किधर, वो मेरे को नी मालूम.”

एकसारख्या दोन मोटारी, त्यातली एक ताडपत्रीखाली झाकून नेलेली. माझा अंदाज पक्का झाला, पण मुखबिराचं बोलणं कोर्टात चालत नाही. नंबर जुळत होते, नोंदणीचं आरसी बुक जुळत होतं. खोदलेले नंबर प्रयोगशाळेत तपासायला पाठवता आले असते, पण अहवाल येईपर्यंत मोटार समुद्रापार गेली असती.

तेव्हा मला पोत्याची आठवण झाली. आमच्या माळव्यात मेकॅनिककडे गाडी दिली की काढलेले जुने भाग गिऱ्हाईक मागून घेतं. बदलला म्हणतोस तर जुना दाखव, हा आमच्याकडचा सरळ हिशेब. जो मेकॅनिक जुना माल परत देत नाही त्याच्या दारात कुणी दुसऱ्यांदा जात नाही. मी नानांच्या मुलाला फोन करून विचारलं. त्याने सांगितलं, हो साहेब, दोन पोती मिळाली आहेत, अंगणात पडली आहेत.

पोती ठाण्यात आणवली. पंचांसमोर अंगणात ओतली. गंजलेले कब्जे, फाटलेलं रेक्झिन, कुजलेल्या लाकडाचे तुकडे. मी एक जाडसर तुकडा घेतला आणि चाकूने त्याचा वरचा काळा थर तासला. आतून लाकूड फिकट, जवळजवळ पांढरं निघालं. हुंगून पाहिलं, वास नाही.

आता इथे मी थोडी फुशारकी मारणार आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी उदयनगरच्या जंगलात काढली. तिथे सागवानाची चोरी रोजची. पकडलेल्या ट्रॉलीवर बसूनच आम्ही डबा खायचो. साग कितीही जुना असो, नवी कड उघडली की तपकिरी दिसतो आणि चामड्यासारखा तेलकट वास सोडतो. हे मला डोळे बांधूनही ओळखता येतं. हातातला तुकडा साग नव्हता. वन खात्याच्या एका जुन्या परिचिताला बोलावलं, त्यानेही तेच सांगितलं आणि लेखी दिलं: विलायती ऍश, ज्याच्या क्रिकेटच्या स्टंपा करतात.

नानांच्या पाल्हाळातली ती वाळवीची गोष्ट आता सोन्याच्या भावाची झाली. पण पत्ते उघडण्याआधी मला वर्कशॉपवाल्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

त्याला चौकशीला बोलावलं. चौकशीत आवाज चढवणारा अधिकारी मला कधीच पटला नाही; आवाज चढला की समोरचा सावध होतो. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि पुन्हा इंग्लंड-जर्मनीवर आणलं. तो खुलला. मग मी सहज विचारलं की नानांच्या गाडीतलं जुनं लाकूड कसलं होतं? फेकून द्यावं लागलं, तर हळहळ वाटली असेल. वकिलाला विचारावं असं त्याला वाटलंच नाही. लाकडाचा प्रश्न त्याला शिळोप्याचा वाटला.

“ओरिजिनल इंग्लिश ऍश,” तो ऐटीत म्हणाला. “फॅक्टरीचा. नब्बे साल में किसी ने हाथ नहीं लगाया था. मी स्वतः उघडून काढला.”

मुंशीने ते लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने सही केली. मग मी नानांचा जबाब त्याच्यासमोर ठेवला आणि सागवानाच्या ओळीवर बोट ठेवलं. ज्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे घेतले, त्या गाडीचा आतला सांगाडा या माणसाने कधी पाहिलाच नव्हता. पाहणार कसा? न उघडलेल्या गाडीलाच तर भाव होता. नानांच्या पैशांनी त्याने दक्षिणेतली भंगार गाडी चकचकीत केली, तिच्यावर नानांच्या गाडीची पाटी ठोकली, नंबर खोदले आणि आपल्या माळव्याच्या रीतीप्रमाणे जुना माल पोत्यात भरून इमानदारीने परतही दिला. दुसऱ्या गाडीचा.

मी एवढंच विचारलं, “दुसरी मोटर किधर है, भिया?” त्याने पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून त्याने पत्ता सांगितला.

गोदाम धार जिल्ह्यातच निघालं, नानांच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर. मोटार लाकडी खोक्यात बांधून तयार होती, कागदावर शेतीच्या यंत्राचे भाग लिहिलेले. खोकं बंदरावर न्यायला ट्रकही ठरलेला होता.

नियम असा की जप्त माल फिर्यादीकडून ओळखून घ्यायचा असेल तर तो तसल्याच मालात मिसळून ठेवावा. तसल्या मोटारी मी कुठून आणणार? दोनच होत्या. मी दुसरी मागवून शेजारी उभी केली, पंच बोलावले आणि नानांना मोटारींकडे पाठ करून बसवलं. आधी चकचकीत गाडीचं दार लावलं. नाना हलले नाहीत. मग दुसरीचं लावलं. जड, भरलेला आवाज झाला. नाना म्हणाले, “हीच.” आणि उठून त्यांनी तिच्या दारावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, ते मी कधी लपवलं नाही. मग मी सोबत आणलेल्या जुन्या मोटारींच्या एका तज्ज्ञाने दाराच्या आतली पट्टी सोडवून दाखवली. आत साग होता. पंचनाम्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या, आवाजही.

पुढे प्रयोगशाळेने नंबर नव्याने खोदल्याचं सांगितलं, आरोपपत्र गेलं, शिक्षा झाली. वरिष्ठांनी प्रशंसापत्र दिलं, ते दिवाणखान्यात लावलं आहे. पाहुण्यांना मी ते दाखवतो आणि त्यात मला काही संकोच वाटत नाही. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की माणसाला आपल्या वस्तूची ओळख सांगता येत नाही, म्हणून ती त्याला नसतेच असं होत नाही. सांगायचे शब्द त्याच्याजवळ नसतील तर पुरावा शोधणं हे आपलं काम, आणि ते काम मी नीट केलं.

मोटार कोर्टाच्या हुकमाने नानांच्या ताब्यात दिली, त्या दिवशी मुलगाही आला होता. सह्या झाल्या. नाना अंगणात मोटारीभोवती फिरत होते. मुलगा माझ्या टेबलाशी थांबला आणि त्याने विचारलं, “साहेब, तुमची खात्री कधी पटली? लाकूड मिळालं तेव्हा?”

मी म्हटलं, “नाही. ते पहिल्या दिवशी या खुर्चीत बसून बोलले तेव्हाच. लाकूड मी कोर्टासाठी शोधलं.”

मग खिशातून कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून त्याने हातात धरला आणि खिडकीतून वडिलांकडे पाहिलं.

“तुम्ही परके, साहेब,” तो म्हणाला. “मी तर घरातच होतो.”