बटणाच्या खेळातली डावी बाजू

माझ्या धाकट्या भावाला आम्ही ढापण्या म्हणतो. सातवीत त्याला चष्मा लागला तेव्हा मीच ते नाव ठेवलं, आणि आता मी स्वतःच चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून एकट्याने व्हिडिओ गेम बनवतोय. शर्टाचं तुटून पडलेलं एक बटण घरभर घरंगळत आपला शर्ट शोधतं, असा तो गेम. कल्पना आईची. ती शिवणकाम करते, तिच्या मशीनखाली रोज अशी चार-पाच बटणं पडलेली असतात.

ढापण्याची एक पद्धत होती. दर शनिवारी सकाळी तो आईला मशीनवरून उठवून लॅपटॉपसमोर बसवायचा आणि स्वतः तोंडाला कुलूप लावून मागे उभा राहायचा. बनवणाऱ्याने एक अक्षरही सांगायचं नाही, खेळणारा चुकला तर ती चूक गेमची, असा त्याच्या सरांचा दंडक. बटण जिथे जिथे जाईल तिथे नकाशावर लाल ठिपका उमटायचा. मग आठवडाभर हा पठ्ठ्या त्या ठिपक्यांपुढे डोकं खाजवत बसे.

सुरुवातीला आई झकास खेळली. मग तिला डावीकडची दारं सापडेनात. ढापण्याने दारं मोठी केली, पिवळी केली, दाराशी दिवे लावले. त्याच्या मित्रांना ती दारं पहिल्या झटक्यात सापडत होती, पण हा हट्टाला पेटलेला. म्हणे, आईला जमलं तर जगाला जमेल. शेवटी त्याने डावीकडच्या सगळ्या खोल्या उचलून उजवीकडे नेल्या. त्या शनिवारी आईने अख्खा गेम पुरा केला. त्याने मला दुकानात फोन केला, "ताई, सुटलं एकदाचं. चूक माझीच होती."

मी त्याचं कौतुक केलं. आता आठवलं तरी स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी घरी गेले, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने सगळे नकाशे एकामागून एक दाखवले. पहिल्यांत ठिपके घरभर. पुढे डावी बाजू विरळ. मग डावीकडे एकही ठिपका नाही. शेजारी आई जेवत होती. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावीकडचं सगळं जसंच्या तसं. मी ताट फिरवलं. "अगं बाई, हे कधी वाढलंस?" म्हणत ती उरलेलं जेवली.

ढापण्या माझ्याकडे बघत राहिला. महिन्यापूर्वी मीच तिचे डोळे आमच्या दुकानात तपासून घेतले होते. नंबर बदलला नव्हता. तिच्या डाव्या कोपरावर काळंनिळं झालं होतं, दार लागलं म्हणाली, आणि मी तिला बघून चालत जा म्हणून सुनावलं होतं.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत उजवीकडे गाठ आहे, त्यामुळे डावीकडचं काही तिच्या खिजगणतीतच उरलेलं नाही, आणि हे तिचं तिला कळणारही नाही. ऑपरेशन तातडीने करायचं. जीव वाचेल, पण डावी बाजू परत येईल याची खात्री नाही. लवकर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कधीपासून असं होतंय, त्यांनी विचारलं. ढापण्याने लॅपटॉप उघडून तारीख सांगितली, वेळसुद्धा. सात आठवडे झाले होते.

"मग सात आठवडे तुम्ही काय केलंत?"

"दारं सरकवली," तो म्हणाला.

संध्याकाळी आईला वॉर्डात नेलं. मी तिच्या उजव्या हाताला उभी होते. ती हळूच म्हणाली, "ढापण्या कुठे गेला गं? त्याला सांग, जीवाला लावून घेऊ नकोस म्हणावं. आता तर मला सगळं सापडतं."

तो तिच्या उशाशी डाव्या बाजूला बसला होता, मघापासून.