पाणी पिऊन येते

छापखान्यात त्यांना सारे ‘काना-मात्रा’ म्हणत. मुद्रितशोधनात हयात घालवलेल्या माणसाला जगाने दिलेली पदवी एवढीच. पत्नी शेजारी बसून हस्तलिखित मोठ्याने वाचीत, विरामचिन्हांसकट. आणि ते छापील मजकुरावर लाल शाई चालवीत. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांनी आपले वाचन संगणकात ध्वनिमुद्रित करून ठेवायला सुरुवात केली. “मी नसले तरी तुमचं काम अडायला नको,” म्हणाल्या.

त्या गेल्यावर मुलीने परदेशी बोलावून घेतले. जुना संगणक धूड होता, म्हणून काना-मात्रा दुकानात गेले.

“काका, हा घ्या. विटेएवढा आहे, हातातल्या बॅगेत मावेल. पडदा तिकडे घ्या.”

“तिकडची वीज याला मानवेल का?”

“याला मानवेल. तुम्हाला मानते का, ते बघा.”

पत्नीचा सारा आवाज त्यांनी त्या विटेत भरून घेतला, जुने धूड मोडीत दिले आणि प्रवासभर ती मांडीवर ठेवली. मुलगी वैतागली, “अहो बाबा, इथे काय संगणक मिळत नाहीत?”

“इथल्या यंत्रांवर मराठीचे धिंडवडे निघतात,” ते फणकारले. खरे कारण सांगायची त्यांना लाज वाटली.

मुलगी-जावई कामावर गेले की ते शेवटचे ध्वनिमुद्रण लावीत. परिच्छेद अर्ध्यावर येई, थकलेला आवाज म्हणे, “स्वल्पविराम. थांबा हं, पाणी पिऊन येते.” खुर्ची सरके. पुढे नुसती रिकामी खोली वाजत राही. त्या परतल्याच नव्हत्या. त्याच दुपारी त्यांना रुग्णालयात हलवले होते. काना-मात्रा मात्र ती शांतता रोज अखेरपर्यंत ऐकत. न जाणो, खुर्ची पुन्हा सरकली तर?

पुढे यंत्राचा पंखा त्या शांततेत घरघरू लागला. इतरांच्या ढिसाळ शब्दांवर जन्मभर तोंडसुख घेतलेल्या या गृहस्थाने एका संध्याकाळी जावयाला म्हटले, “जावईबापू, फार कुरकुरतोय हो हा. जरा साफ करून द्या.”

संगणकावरच पोट भरणाऱ्या जावयाने विचारले, “सगळा साफ करू? आतलं काही ठेवायचं नाही ना?”

“अहो, घाण कशाला ठेवायची? चांगला कानाकोपऱ्यातून करा.”

सकाळी जावयाने यंत्र आणून जोडले. “बाबा, अगदी नव्यासारखा झालाय. सगळं पुसून टाकलं.”

धूळ तशीच होती. पडदा मात्र कोरा होता. काना-मात्रांनी दोनदा शोधले. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि चूक शोधणे हाच ज्याचा धंदा, त्याच्याच तोंडून ती निसटलेली! आता तक्रार तरी कोणाकडे करावी?

“का हो बाबा, काही महत्त्वाचं होतं का आत?”

“नाही. जुनी मुद्रितं.”

दोघे कामावर निघून गेले. ते कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. पंखा घरघरत होता.

स्वयंपाकघरात नळ सुटला. पेला भरत गेल्याचा आवाज आला. मग नळ बंद झाला.

काना-मात्रांनी मागे वळून पाहिले नाही. शेजारची खुर्ची तेवढी हळूच बाहेर ओढली.

“सावकाश पी,” ते म्हणाले. “स्वल्पविरामावरच आहे मी.”