जोडव्याच्या बोटाला जागा

नाशिकच्या बसस्टँडवर आईनं माझ्या केसांत आमच्याच मळ्यातल्या शेवंतीची वेणी माळली. शहाण्णव सालचा डिसेंबर होता. पहाटे दवात फुलं तोडून ती तशीच आलेली, चपलेतले पाय ओलेगार. लग्नानंतर मी स्कॉटलंडला निघाले होते, त्यासाठी घेतलेले मोजे तिच्यापुढे धरले. "जोडवी रुतत्यात गं त्यात," ती म्हणाली, "आन् चप्पल कशी घालायची?" एसटी सुटली आणि मी लाज न बाळगता रडले.

तुमच्यापैकी जे थंड मुलखात गेलात, त्यांना ठाऊक आहे: तिथं आधी पाय हार मानतात. बाकी हीटिंग, सुपरमार्केट, सगळं अंगवळणी पडलं. मग बाळाची चाहूल लागली आणि मला आई हवी झाली. फोनवर ती ठाम. "तिथं बूट-मोजे लागत्यात. जोडवी काढून मी कुठं बी यायची नाय." मागून दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "ती लय हट्टी हाय, नाद सोड." पण मी तिचीच लेक. दुसऱ्या दिवशी लोकर आणली.

विणकामाच्या पुस्तकात नक्षीचं नाव होतं 'केबल'. आमच्याकडे केबल म्हणजे टीव्हीची. चित्र पाहिलं तर ती आपली वेणीच निघाली, पेड एकमेकांवरून टाकलेली. मी ती हौसेनं पार बोटांपर्यंत विणली. पीळ पडला की वीण आवळते, हे कुठं माहीत. मोजा टाचेवरून चढेना. उसवला. टाके वाढवले, डब्यात ठेवून दिलेली माझी जोडवी काढून घातली, तर ती लोकरीत अडकली. तोही उसवला. पोट वाढत होतं, मी सुया सोडल्या नाहीत. शेवटी वेणी पावलावरच थांबवली. चपलेसाठी अंगठा वेगळा केला, बाकी बोटांना साध्या विणीची ऐसपैस जागा ठेवली आणि आतून, मी येताना आणलेल्या तिच्याच जुन्या साडीचा मऊ तुकडा शिवला. पार्सल नाशिकला गेलं.

आई विमानतळावर मोजे, चपला आणि जोडवी घालून उतरली. लोक बघत होते. बघू देत.

मी तोवर मळ्यालाच घर म्हणायचे आणि इथल्या जागेला फ्लॅट. आल्या आल्या तिनं हीटरसमोर पाय पसरले आणि दादांना फोन लावला. "हां, पोचले घरी," ती म्हणाली. दादांनी काहीतरी विचारलं असावं. "आवो, कोणाच्या काय? आपल्याच."

त्यानंतर मी 'फ्लॅट' म्हटलेलं नाही.