गलबताची खूण

माझ्या जन्माआधी आमची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायची. भातकापणी झालेल्या खाचरात ती रातभर बसवायची, आणि लेंडीखताच्या बदल्यात तिथले शेतकरी भात द्यायचे. अशाच एका साली आईबापाचं पहिलं लेकरू, माझा थोरला भाऊ, समुद्राकाठच्या एका गावात तापानं गेला. त्याला तिथंच वाळूत पुरलं आणि कळप पुढं हाकला.

आता मेंढरं नाहीत. आमच्या गावी, कन्हेरीत, ऊस आहे, मी एमआयडीसीत डेअरीत कामाला जाते. यंदा डॉक्टरांनी आईला घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं एकच मागितलं, एकदा तिथं नेऊन आण. जागा सापडंल का, असं माझ्या बापाला, आबांना विचारलं. खूण पक्की हाय, म्हणाले. जन्मभर आईलाही ते हेच सांगत आलेत.

गाव गाठलं तर काठाला रिसॉर्ट, पार्किंग आणि पोरांना फिरवायला उंट. आबा नुसते इकडून तिकडं फिरत होते. माझा पारा चढला. म्हटलं, कसली खूण ती, सांगा तरी एकदाची.

"जहाज," ते म्हणाले. "हितं जहाज बांधत हुते, घराएवढं. त्याच्या तोंडासमूर पुरलाय."

मी कपाळावर हात मारला. जवळ जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याचे वाडवडील गलबतं बांधायचे. बांधून झालं की ते पाण्यात जायचं, तो म्हणाला, मग शेजारी दुसरं उभं राहायचं, आणि पुढं धंदाच बसला. कुठलं कुठं होतं, आता कोण सांगणार?

आबा वाळूत बसून सांगू लागले. दगड ठेवावा तर कुणी उचलील, झाड धरावं तर कुणी तोडील, म्हणून त्यांनी विचार करून सगळ्यात मोठं ते धरलं होतं. आमच्याकडं बांधलेलं काही जागचं हलत नाही हो. घर हलत नाही, विहीर हलत नाही, देऊळ हलत नाही. रागवायचं तरी कुणावर? जीव नुसता तुटत होता.

पदराखाली नारळ धरून आई पार्किंगच्या कडेला उभी होती. मग मला म्हणाली, "रोज दिवा लावला की मी मावळतीकडं बघायची. माझं लेकरू तितं एका जागी हाय, आसं वाटायचं. आता कुणीकडं तोंड करून रडू, बाय?"