धुतलेले पाय

मार्थाबाई वजरीनं माझे पाय घासत होती. मी मोरीच्या दगडावर बसलेलो, बत्तीस वर्षांचा बाप्या. साठीची बाई खाली उकिडवी बसून माझ्या टाचा खरवडत होती. डाव्या टाचेच्या भेगेतून रक्त आलं. ब्रदर शेजारी उभा होता, पांढऱ्याशुभ्र झग्यात. म्हणाला, "अजून थोडं. नखांत बघ."

तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचो. आता करत नाही.

तो पवित्र गुरुवार होता. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ब्रदर दुपारी आम्हा बारा दारुड्यांचे पाय धुणार होता. पाय धुण्याआधी पाय धुवून घ्यायचे असतात, हे मला तिथं कळलं.

ब्रदर चालवायचा ते घर लातूरच्या बाहेर होतं, निलंग्याच्या रस्त्याला. दारू सोडू पाहणाऱ्यांनी तिथं एकत्र राहायचं. सकाळी प्रार्थना, मग गोठा आणि भाजीचे वाफे, दुपारी बायबलचं वचन, संध्याकाळी एकमेकांसमोर पापांची कबुली. मी उदगीरचा, मांगाचा, बँडमध्ये ढोल वाजवायचो. प्यायला लागलो ते वरातीत. पुढं वरात नसली तरी प्यायचो आणि घरी येऊन बायकोला मारायचो. एक दिवस सुमननं पोरीला जवळ घेतलं आणि दारातूनच सांगितलं, "त्या घरात वर्षभर ऱ्हा. ब्रदरची चिठ्ठी आण. मगच ये."

आठ महिने झाले होते. खोटं कशाला बोलू, दारू तिथंच सुटली. पहिले दहा दिवस हातात वाटी धरता येत नव्हती, तेव्हा मार्थाबाईनं आंबील पाजली. ती तिथली स्वयंपाकीण. आमच्यातलीच, दोन पिढ्यांची ख्रिस्ती. ब्रदरचे आजोबा मात्र ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. हे तो दर आठवड्याला, विषय नसताना सांगायचा. जात येशूच्या पायाशी सोडली म्हणायचा. सोडली कसली, घडी करून पेटीत ठेवली होती.

दुष्काळ होता. टँकर चार दिवसांनी यायचा आणि दोघांत एक बादली मिळायची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. रोज कुठंतरी नवी पाटी रंगायची, रोज कुणीतरी नवा साहेब यायचा. घरामागची सरकारी जमीन ब्रदरला हवी होती. म्हणून त्या गुरुवारी एक मोठे साहेब येणार होते, त्यांची बाई येणार होती, गावातले चार व्यापारी आणि एक फोटोवाला. माझे पाय घासायला दोन घागरी पाणी गेलं. तेवढ्यात माझ्या आठवडाभराच्या आंघोळी झाल्या असत्या.

दुपारी मांडवात आम्हाला बाकांवर ओळीनं बसवलं. पायजमे गुडघ्यापर्यंत वर. माझ्या शेजारी शिवराज होता. देवणीकडच्या मोठ्या बागायतदाराच्या घरातला, प्यायला माझ्याइतकाच. त्याच्या पायांवर सकाळचं गोठ्यातलं शेण वाळलेलं.

"तुजे घासले न्हाईत?" मी विचारलं.

"न्हाई बा. मला कुनी बोलावलंच न्हाई."

मी वाकून सगळी रांग बघितली. पाच जणांचे पाय लख्ख होते. पाचही जण मांगवाड्यातले नाहीतर महारवाड्यातले. बाकीच्या सात जणांचे पाय जसेच्या तसे. जन्मभर ऐकत आलो की आम्ही घाणेरडे. त्या बाकावर सगळ्यांत स्वच्छ पाय आमचे होते आणि त्यावरूनच आमची जात ओळखू येत होती. माझ्या कानशिलात आग झाली.

ब्रदर कमरेला पंचा बांधून आला. घंगाळात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. बाहेर बाया रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या आणि इथं पाकळ्या. शिवराजच्या पायाचं शेण त्यानं हातानं चोळून काढलं. पाय पुसले, त्यांवर ओठ टेकवले. पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "शेतकऱ्याचे पाय आहेत. ही माती पवित्र." साहेबांच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

मग तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. फोटोवाला पुढं सरकला. ब्रदरनं ओंजळीत पाणी घेतलं, थांबला, आणि मान वर न करता हळूच विचारलं, "धुतलेत ना?"

मी पाय मागं घेतले.

"धुतलेत," मी म्हणालो. ढोलवाल्याचा आवाज, मांडवभर गेला. "मार्थाबाईनं धुतलेत, रगत येस्तोवर. तुमच्यासाठी काई ठिवलं न्हाई."

तेवढ्यात फोटो निघालाच. ब्रदर गुडघ्यावर, ओंजळीत पाणी, समोर पाय नाहीत.

पाहुणे गेल्यावर त्यानं मला खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवायचा नाही. "उद्या सगळ्यांसमोर माफी माग. गर्वाची नशा दारूपेक्षा वाईट असते. मागितली नाहीस तर चिठ्ठी मिळणार नाही. आणि चिठ्ठीशिवाय तुला घरात कोण घेणार? पंधरा दिवसांत गटारात दिसशील."

मला भीती वाटली. गटार मला पाठ होतं. माफी मागितली असती तर अजून चार महिने, मग चिठ्ठी, सुमन, पोरगी. मी मागणारच होतो.

स्वयंपाकघरात मार्थाबाई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "मावशी, तुमचे पाय कदी कुनी धुतले का वं?"

तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "माजं काम धुवायचं हाय, बाबा."

आठ महिन्यांत एकाही गुरुवारी, एकाही रविवारी, त्या बाईला कुणी बाकावर बसवलं नव्हतं. मीही तिची आंबील पिऊन उठून गेलो होतो. मला ब्रदरची किळस आली, आणि थोडी माझीही. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं उदगीरला गेलो.

सुमननं दार अर्धंच उघडलं. "चिठ्ठी कुटंय?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "पायाचं ऱ्हाऊ दे. तोंड उघड." जवळ येऊन वास घेतला. "ओट्यावर झोपायचं. रोज बघीन. एक दिस जरी वास आला तर परत हितं दिसायचं न्हाई."

वर्षभर रोज संध्याकाळी मी तिच्यापुढं तोंड उघडलं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. मार तिनं खाल्ला होता, तपासायचा हक्क तिचाच.

काही वर्षांनी ब्रदरचा माणूस घरी आला. जमीन मिळाली होती, नवी इमारत झाली होती. उद्घाटनाला येऊन साक्ष द्या म्हणाला. प्रभूनं आणि ब्रदरनं तुम्हाला कसं वर काढलं ते सांगा.

मी म्हणालो, "त्याला सांगा, मी पीत न्हाई. आन् त्याचं नाव बी घेत न्हाई."

"देवाचं तरी घ्या."

"देवाचं माजं मी बगून घेतो. तुमी निगा."

येशूशी माझं भांडण नाही. त्यानं वाटेवरच्या धुळीनं माखलेले पाय धुतले, असं मी त्याच घरात ऐकलं. दारू सोडायला मला त्या घराची गरज लागली, हेही खरं. त्याबद्दल मी जन्मभर मान खाली घालून उभं राहावं, फोटोला कामी यावं, हे मला मान्य नाही. मी दारू पिणार नाही आणि साक्षही देणार नाही.