मार्थाबाईंच्या भजनाची चाल

नाताळात आमच्या चर्चमध्ये ‘ये प्रभो, दार उघडे ठेविले’ हे भजन सुरू झालं, की सगळी मंडळी टाळ्या वाजवत उभी राहायची आणि मार्थाबाई खाली बसायच्या. नव्या माणसाला तो उद्धटपणा वाटे. भजन त्यांचंच आहे, हे त्याला ठाऊक नसे.

मार्थाबाई मूळच्या अड्याळकडच्या. मिशनच्या दवाखान्यात त्या दाई होत्या आणि मी नर्स. आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, पण त्यांचा स्वतःचा थोरला लहानपणीच तापानं गेला. आमच्याकडच्या बायका मेलेल्या माणसासाठी नुसत्या रडत नाहीत, सुरात बोल लावून रडतात. ‘ये लेकरा, दार उघडं ठेवलं,’ असं त्या रडल्या. पाळकसाहेबांना ते शब्द विसरवेनात. त्यांनी ‘लेकरा’ काढून ‘प्रभो’ घातलं, पेटीवाल्या मास्तरांनी नाचरी चाल बसवली आणि भजन साकोलीपर्यंत गाजलं. मार्थाबाईंना कुणी विचारलंच नाही. दोघेही सज्जन, आणि सज्जनांशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

मास्तरांना पुढे मूळ चालीचा ध्यास लागला. ‘बाई, एकदा ऐकवा,’ म्हणत ते दवाखान्यात येऊन बसत.

‘ते चाल नाही जी मास्तर, रडणं आहे,’ कात्र्या उकळायला टाकत मार्थाबाई म्हणायच्या. ‘तुमाले आयकवायले आता कोणाले मारू?’

ऐंशी सालानंतरच्या एका पावसाळ्यात वैनगंगेत डोंगा उलटला आणि त्यांचा धाकटा डॅनियल बुडाला. एवढा एकच उरला होता. प्रेत घरी आणलं, आणि मार्थाबाईंच्या गळ्यातून ती चाल निघाली. मी त्यांना धरून बसले होते. माझ्याच्यानं ते ऐकवेना. तेवढ्यात ओसरीवरून, प्रार्थनेसाठी आणलेल्या पेटीचा बारीक सूर आला. मास्तर स्वतः रडत होते आणि रडता रडता चाल धरत होते. माती देताना तीच वाजवावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

मार्थाबाई ओळीच्या मधेच थांबल्या.

‘मास्तर, सापडली का जी चाल?’

‘सापडली, बाई.’

‘मंग वाजवा तुमीच.’

मास्तरांनी घाईघाईनं पेटी मिटली. आम्ही बायकांनी परोपरीनं विनवलं. ‘बाई, रडा हो, मन मोकळं करा,’ मी म्हणाले.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘लोकं याचंबी भजन करतीन.’

डॅनियलला माती दिली, तेव्हा त्याची आई त्याच्यासाठी एक शब्दही बोलली नाही.